तोटी जात हाय

११ एप्रिल, सोमवार

हाव, ऐकलं. दोन्ही कानांनी ऐकलं. मी काय भैरी हाय? दुपारपासून दुकानात जो येतोय तो साखर मागायच्या आधी हेच विचारतोय, "गौराबाई, तुमी ऐकलं म्हणं?" ऐकलं म्हणलं की पुढं थांबत न्हाई. काय ऐकलं ते कुणी विचारत न्हाई. चहापत्तीची पुडी घेतो आन् पळतो.

लिहून ठिवते. न्हाईतर चार दिवसांनी माझंच डोकं फिरवतील.

टँकर आला. लिंबाखाली गावच्या बायांची एक लाईन, तांड्यावरच्या लमाणी बायांची दुसरी. बंदोबस्ताला नेहमीचेच बापूराव जमादार (हितून पुढं ज. लिहिते, शाई कमी हाय). तांड्यावरच्या सोमलीची घागर भरली. ती उचलून डोक्यावर घेऊन राहिली होती, तेवढ्यात ज. गावच्या लाईनीकडं बघून मोठ्यानं म्हणले, "ह्यांच्याकडं नजर ठेवा रं, चोरटी जात हाय."

सोमलीनं घागर खाली ठिवली. मग आडवी केली. सगळं पाणी भुईला. रिकामी घागर काखेत मारली आन् गेली. तिच्या मागं तांड्याच्या सगळ्या बाया, भरलेल्या बी आन् रिकाम्या बी.

गावात बोभाटा कशाचा, तर सांडलेल्या पाण्याचा. "भरली घागर वो, ह्या उन्हाळ्यात!" चुकचुकून चुकचुकून हळहळतात. शब्दाचं नाव कुणी काढत न्हाई.

१२ एप्रिल, मंगळवार

ज. चहाला आले. रोज येतात. चौकीत चहा मिळत न्हाई म्हणं. सायकल दाराला, टोपी मांडीवर, पाठ आमच्या मालकांच्या फोटोकडं. मालक जाऊन लई वर्षं झाली, तरी ज. त्यांच्याकडं तोंड करून बसत न्हाईत.

"गौराबाई, साखर कमी पडली."
"कालच्या बोलण्यात बी कमीच होती."
"आता त्यात काय? सगळेच म्हणतात."
"सगळ्यांच्या कमरेला पट्टा नसतो."

हसले न्हाईत. एरवी माझ्या बोलण्याला हसून हसून त्यांना ठसका लागतो. मी मिशीचा विषय काढला, काळी लई झाली, काजळ लावून राहिले काय म्हणले. तरी न्हाई हसले. अर्धा चहा सोडून गेले. मिशी मात्र काजळाचीच हाय, कप बघितला मी.

१४ एप्रिल, पाडवा

पुरण शिजवायला पाणी न्हाई, गूळ आन् लिंबाचा पाला खाऊन पाडवा. गुढीला लोटा लावला, तो बी कोरडा.

तांड्यावर गेले, सोमलीला गूळ द्यायला. बाहेर बसून घागऱ्याला आरसे शिवून राहिली होती. आमच्या दोघींचं बोलणं म्हणजे नुसती चकमक. मी म्हणते, तुझ्या हातातल्या बांगड्या विकल्या तर दोन हिरी खांदून व्हतील. ती म्हणती, तुझ्या गळ्यातल्या देवाला दिवसभर तुझी बडबड ऐकावी लागती, बिचारं लिंग, कुठं पळंल. आज मी बांगड्यांचं बोलले तर तिनं मान बी वर केली न्हाई. आरशाभवती टाके घालत बसली.

मग म्हणली, "नात शाळेत जाती माझी. वर्गात कुणाची बी पेन्सिल हरवली की पोरं आधी हिच्या दप्तरात हात घालतात. कालपासून 'जमादारच म्हणलाय' म्हणून घालतात."

मी गूळ ठिवला. दुसरं काय करणार. तांड्याचे नाईक खाटंवर बसले होते, म्हणले, लातूरला पोलिसांच्या साहेबाकडं जातो. आता लातूरच जिल्हा झालाय, जवळ आलाय.

१८ एप्रिल, सोमवार

नाईक लातूरला जाऊन आले. लाल पगडी, नवा जोडा, निलंग्यापर्यंत चालत आन् पुढं एसटीनं. येताना माझ्या दुकानात थांबले, छाती दोन बोटं वर.

"बाई, साहेबानं खुर्ची दिली बसायला."
"मग?"
"नवा जिल्हा, खुर्च्या बी नव्या. बूड घसरू घसरू लागलं. पण बसलो."

साहेब तरणा हाय म्हणं, पुण्याकडला. म्हणला, नवा जिल्हा आहे, माझ्याकडे ही पहिलीच चौकशी, नीट होणार. साक्षीदार कोण? नाईकांनी सांगितलं, गावातलं कुणी बोलणार न्हाई, एक वाणीण बोलंल, तिला गप बसता येत न्हाई.

ह्यो मान का अपमान ते नाईकांना विचारलं. ते चहा पीत राहिले.

तांड्याच्या बाया टँकरला येत न्हाईत अजून. नदीत झिरे खांदून वाटीवाटीनं भरून राहिल्यात.

२३ एप्रिल, शनिवार

जबाब झाला. हसून पोट दुखतंय, पण आधी नीट लिहिते.

शाळेच्या वर्गात टेबल मांडलं. जीपवर जुन्या जिल्ह्याचं नाव चुन्यानं पुसलंय, त्याच्यावर नवं. उन्हात दोन्ही दिसतात. साहेब खरंच तरणा, गालावर खळी. बाजूला लिहिणारा रायटर. ज. ना लांब लिंबाखाली उभं केलेलं.

रायटर म्हणला, "सही का अंगठा?"
"सही. चौथी पास हाय. तुमचं ऱ्हस्व-दीर्घ बी बघीन."

साहेब म्हणला, "बाई, नेमके शब्द सांगा. जसे ऐकले तसे. त्याच आवाजात."

मी पदर खोचला, साहेबाच्या डोळ्यात बघितलं आन् ज. सारखीच मान वर करून दणकून म्हणले, "ह्यांच्याकडं नजर ठेवा रं, चोरटी जात हाय!"

रायटरचा पेन पडला. बाहेरून जीपचा ड्रायव्हर पळत आला, साहेबावर कोण ओरडलं म्हणून.

"अहो बाई, माझ्याकडे बघून नका म्हणू."
"मग कुणाकडं बघून म्हणू?"
साहेबानं रायटरकडं बघितलं. रायटर खुर्चीसकट मागं सरकला. "माझ्याकडं बी नको बाई, मी बायकापोरांचा माणूस."

शेवटी ठरलं, फळ्याकडं बघून म्हणायचं. फळ्यावर पोरांनी काढलेली गाय होती. गाईला म्हणले. दोनदा. गाईची बेइज्जती झाली, पण जबाब झाला.

तर रायटरनं काय लिहिलं? 'अपशब्द वापरले.' मी म्हणले, कोणता? अपशब्द लई हाईत, मलाच कितीतरी येतात, म्हणून दाखवू? साहेब घाईघाईनं म्हणला, लिहा हो, बाई म्हणतात तेच लिहा. लिहिलं. मी वाचून बघितलं. 'चोरटी'चा टी दीर्घ होता. सही केली.

मग सोमली. साहेबानं खुर्ची दिली, ती बसली न्हाई. शब्द सांग म्हणलं तर एकदा सांगितला, भुईकडं बघून, ऐकू येईना इतका बारीक. साहेब म्हणला, जरा मोठ्यानं. ती म्हणली, "परत म्हणणार न्हाई. तिनं म्हणलंय ना."

रायटरनं तेवढंच लिहून घेतलं.

बाहेर आले तर ज. लिंबाखाली तसेच. मी समोरून गेले. आज चहाला आले न्हाईत.

२७ एप्रिल, बुधवार

आले! आन् कसे आले, सायकलची घंटी वाजवत. मिशीला पीळ.

"गौराबाई, दिला माझा जबाब. घोटाळा ऐकण्याचा झालाय."
"कसला?"
"मी त्या लोकांना काय म्हणलोच न्हाई. मी टँकरकडं हात करून म्हणलो, 'ह्याच्याकडं नजर ठेवा रं, तोटी जात हाय.'"

मला आधी कळंना. मग कळलं. चोरटी जात हाय. तोटी जात हाय. टँकरची तोटी निसटून जात होती म्हणं, पाणी वाया जाईल म्हणून सरकारी माणसानं गावाला हुशार केलं. असं हसू आलं, चहाचं पातेलं कलंडता कलंडता राहिलं. माणसाचं डोकं बघा! शाळेत असतं तर गुरुजींनी पाठ थोपटली असती आन् मग छडी दिली असती.

ज. पण हसले. लई दिवसांनी ठसका लागला. पाणी दिलं.

मग मी म्हणले, "जमादार, पण टँकरला तोटी हाय कुठं?"

हसणं बंद. टँकरची तोटी संक्रांतीच्या आधीच कुणीतरी लांबवली. तवापासून पाईपाला सायकलची ट्यूब बांधलीय, वरून सुतळी. रोज त्याच ट्यूबखाली उभे राहून बंदोबस्त करतात, पण ध्यानात आलं न्हाई. मिशीचा पीळ उतरताना बघितला मी, खोटं न्हाई.

"ट्यूब जात हाय, असं म्हणायचं होतं," मी म्हणले.
"आता लिहून गेलंय," ते म्हणले.

२९ एप्रिल, शुक्रवार

टँकरला तोटी बसली. पितळी, पिवळीधमक, नवरीसारखी. ड्रायव्हरला विचारलं, कुणी बसवली, तर म्हणतो, माझं लक्ष नव्हतं.

गावाला खेळ मिळाला. कुणाचं धोतर सुटलं, तोटी जात हाय. एसटी चुकली, तोटी जात हाय. काल सरपंचाला भाषणात उचकी लागली, तर मागून कोण तरी तेच ओरडलं. मी बी हसते. पण तांड्याकडं गेले आन् तिथं कुणी हसंना. सोमली म्हणली, "आमाला म्हणलेलं गावानं हसण्यावारी नेलं ना गं." तोंडातला पानाचा विडा कडू लागला.

३ मे, मंगळवार

ज. बरोबर भांडण. खरंखुरं.

म्हणले, "तुमी बी तिला काय काय म्हणता. मी ऐकलंय ह्याच दुकानात. लमाणीन म्हणता, भामटी म्हणता."
"म्हणते. ती मला चेंगट वाणीण म्हणती. मापात मारती म्हणती. मागं गिऱ्हाइकांसमोर म्हणली."
"मग? माझंच तेवढं वाईट?"
"तुमाला ती उलटून म्हणली असती तर?"
"आत टाकली असती," पटकन म्हणून गेले.
मी बशी पुसली.

ज. चहा ढवळत बसले. त्यात साखर टाकली नव्हती अजून.

जाताना म्हणले, फीत जाईल माझी, गौराबाई. दंडावरची फीत. ती मिळवायला सगळी जवानी गेली, बायकोच्या मातीला बी बंदोबस्तातून गेलो. मग सायकलवर टांग मारली. एकटाच राहतो माणूस, चौकीच्या मागं एका खोलीत.

५ मे, गुरुवार

साहेब तोटी बघायला आला!! लिहिता लिहिता हसतेय.

लिंबाखाली सगळं गाव. नाईकांनी तांडा बी आणला, सोमली मागं उभी, तोंडावर ओढणी. टँकर मधोमध. ज. कडक इस्त्रीत.

साहेबानं तोटी बघितली, चहूबाजूनं. "ही जात होती?"
"हाव साहेब. निसटत होती."
"ही तर नवी दिसते."
"घासलीय साहेब. गाव स्वच्छ हाय."

साहेब वाकला, दोन बोटांनी तोटी फिरवली. कुणी घाईत बसवली होती ते देव जाणे आन् मी बी जाणते. एक वेढा फिरला, दुसरा फिरला, आन् तोटी साहेबाच्या हातातच आली! मागून पाण्याचा असा लोट, टोपी गेली, कागद गेले, रायटर भुईवर. आन् सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडलं?

ज. च.

"तोटी जात हाय! तोटी जात हाय! धरा रं!"

बाया धावल्या. गावच्या, तांड्याच्या, लाईन कसली आन् काय, घागरी, बादल्या, कुणी परात, एकीनं पोराचं टोपडं लावलं. सोमलीनं धार अंगावर घेऊन पाईपात आपली ओढणी कोंबली, तवा कुठं थांबलं. ओली चिंब. गावच्या पाटलीणबाई साहेबाला म्हणाल्या, एवढा शिकलेला माणूस, पाणी सांडतो व्हय.

साहेब ठिबकत उभा. डोळे पुसले. ज. कडं बघून हळूच म्हणला, "जमादार, तोटी कशी ऐकू येते ते आज कळलं. बाईंनी फळ्याला जे ऐकवलं ते वेगळं होतं."

ज. चा तोटी धरायला पुढं केलेला हात तसाच राहिला.

मी सगळ्यांच्या आधी हसायला तयार होते. हसूच आलं न्हाई तवा. आता लिहिताना येतंय.

१० मे, मंगळवार

ज. सस्पेंड. पुढल्या बुधवारी लातूरला शेवटची सुनावणी, मी आन् सोमली दोघींना बोलावलंय, ज. समोर परत विचारणार. फीत जाईल का नोकरी जाईल का नुसती ताकीद, तिथं ठरंल.

साहेबानं तहसीलदाराला सांगून हुकूम काढला, टँकर आधी तांड्यावर, मग गावात. गाव चिडलं. साहेबावर चिडता येत न्हाई, म्हणून माझ्यावर. दोघी-तिघी माझ्या दुकानाला वळसा घालून पलीकडल्या दुकानात जातात, तिथलं तेल खवट हाय तरी. जाऊ द्या. खोकतील.

नवा जमादार आलाय, बिलोलीकडला. निम्मं तेलुगू बोलतो. चहा पीत न्हाई, ताक पितो.

१५ मे, रविवार

बापूराव आले. ड्रेस न्हाई, टोपी न्हाई, साधा सदरा-पायजमा. ओळखलंच न्हाई आधी. टोपीखाली एवढे केस असतील असं वाटलं नव्हतं, पांढरे, कापसागत. मिशी बी पांढरी आज. फोटोकडं तोंड करून बसले.

मी चेष्टा करायला तोंड उघडलं आन् चहाच ओतला.

चहा संपवला. मग कपाकडं बघून म्हणले, "तांड्यावर गेलो होतो."
"कशाला?"
"कशाला म्हणजे. म्हणायला. सोमलीबाईला."
"मग?"
"तिनं ऐकून घेतलं. म्हणली, इथं तांड्यावर हळूच म्हणताव, तिथं लाईनीत मोठ्यानं म्हणला होता. लाईनीत येऊन म्हणा."

बरोबरच म्हणली. मी असते तर तेच म्हणले असते.

"म्हणणार?"
"ड्रेसवर होतो तवा बोललो. आता ड्रेस न्हाई. बिनड्रेसचं कुणी ऐकंल का?" कप खाली ठिवला. मग एकदम, "गौराबाई, बुधवारी तुमी फकस्त एवढं म्हणा. गलका होता. नीट ऐकू आलं न्हाई. तोटी म्हणा असं न्हाई म्हणत मी. नीट ऐकू आलं न्हाई, एवढंच."

"तुमी लाईनीत येऊन म्हणा, मग बघू," मी म्हणले.

हे काय बोलले मी? एकाचा दुसऱ्याशी काय संबंध? त्यानं माफी मागितली म्हणून मला भैरी व्हता येतं काय? ते 'बघू' घेऊन गेले. सायकल न्हाई, ती बी सरकारी होती. चालत गेले.

१६ मे, सोमवार

टँकर गावात आला तवा बापूराव लिंबाखाली. साध्या कपड्यात. तांड्याच्या बाया नव्हत्या, त्यांचं पाणी त्यांच्याकडंच येतं आता. नुसती गावची लाईन. उभे राहिले, घसा साफ केला, इकडं तिकडं बघितलं. कुणीतरी मागून ओरडलं, "तोटी जात हाय!" सगळे हसले.

ते बी हसले जरासे. मग गेले.

मी वजन करीत होते. किलोला किती टाकलं काय कळलं न्हाई, गिऱ्हाईक खूष होऊन गेलं.

१७ मे, मंगळवार

उद्या लातूर. सोमली माझ्याकडं आलीय, पहाटंची एसटी धरायची म्हणून. नवा घागरा, सगळे आरसे लखलखीत. म्हणले, ह्या आरशांत साहेबाला सतरा साहेब दिसतील. तर म्हणती, दिसू दे, एकानं तरी नीट लिहून घ्यावं. खरी सोमली परत आली थोडी.

दोघींनी भाकरी-पिठलं केलं. तिनं पिठल्यात मिरच्या इतक्या टाकल्या, मी रडले, तिनं चेष्टा केली.

मग विचारलं तिनं, साधंच, भांडी घासता घासता. "बापूराव माझ्याकडं आला होता. तुझ्याकडं बी आला असंल."
"आला होता."
"काय म्हणला?"
"चहा पिला."
तिनं माझ्याकडं बघितलं. आमच्यात कुणी कुणाला खोटं बोललं की दुसरीला लगेच कळतं. पण तिनं पुढं विचारलं न्हाई. राखेनं तवा घासत राहिली.

"उद्या त्याच्या तोंडावर म्हणावं लागंल," थोड्या वेळानं म्हणली. "ह्या बारीला फळा नसंल. घाबरशील का?"
"साहेबाला? हट."
"साहेबाचं न्हाई विचारलं मी."

ती हात धुऊन वळकटी टाकायला गेलीय. मी हितं दिव्यापाशी. तिच्यासमोर तोंडातून निघालं न्हाई ते हितं लिहिते, एकदाच, खोडणार न्हाई.

त्यानं म्हणलेलं मी ऐकलं. चोरटीच म्हणला. आन् मला तो माणूस आवडतो.